रेसिंग गेममधल्या क्रेडिटचे रुपये होत नाहीत. आणि ते अ‍ॅप आधी काढा!

एक मेसेज सध्या आमच्या किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या ग्रुपवर फिरतोय. वाडीचा ग्रुप, देवळाच्या जीर्णोद्धाराचा ग्रुप, मच्छीमार सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप. असले मेसेज मी सहसा वाचून सोडून देतो. हाही सोडला असता, पण मालवणजवळच्या सर्जेकोटहून पुतण्याचा फोन आला.

आधी मजकूर थोडक्यात सांगतो. ‘ग्रॅन टुरिस्मो’, ‘फोर्झा’ यांसारख्या रेसिंग गेममध्ये शर्यत जिंकल्यावर मिळणारे क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन, आता थेट रुपयांत बदलून मिळतात. 1 लाख क्रेडिट म्हणजे 85 रुपये. रोज चार तास गाडी चालवा, दिवसाला साडेपाच हजार कमवा. कंपन्या कोट्यवधी कमावतात, त्यातला वाटा खेळाडूंना देणं त्यांना बंधनकारक आहे. परदेशात मुलांनी नोकऱ्या सोडल्या. सरकारने ई-स्पोर्ट, म्हणजे व्हिडिओ गेमचा स्पर्धात्मक खेळ, म्हणून मान्यता दिली आहे. प्लेस्टेशन (सोनीचं गेम खेळायचं यंत्र) लागत नाही. खालचं अ‍ॅप मोबाइलवर टाका, 1,499 रुपये भरून वॉलेट चालू करा, ही रक्कम पहिल्या पैशांसोबत परत. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘मासेमारी बंदीच्या काळात घरबसल्या उत्पन्न!’

ही शेवटची ओळ ज्याने लिहिली त्याला आपला हंगाम बरोबर ठाऊक आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, ट्रॉलर खाडीत नांगरलेले, खलाशी घरी. जाळी विणून संपली की दिवसभर हातात मोबाइल. पुतण्याही खलाशीच.

"काकानू, ह्यां खरां आसा काय?"

"पैसे भरलंस?"

"नाय ओ. अ‍ॅप तेवढा टाकलंय."

पैसे भरले नाहीत म्हणून मी सुटकेचा श्वास टाकावा, असं त्याला वाटलं असणार. मला उलट अ‍ॅपचीच जास्त धास्ती वाटली. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी त्या दराचा समाचार घेऊ, कारण निम्मी माणसं त्या आकड्याला भुलतायत. आकडा हवेतून काढलेला नाही, म्हणून तो जास्त फसवा आहे.

‘ग्रॅन टुरिस्मो 7’ हा सोनीचा गेम 4 मार्च 2022 ला आला. त्यात गाड्या विकत घ्यायला क्रेडिट लागतात. शर्यती जिंकून ते मिळतात, नाहीतर सोनीच्या दुकानातून खऱ्या पैशांनी घेता येतात. अमेरिकेत 20 लाख क्रेडिटची किंमत 20 डॉलरला एक सेंट कमी. डॉलर 85 रुपये धरा, की 1 लाख क्रेडिटला बरोबर 85 रुपये येतात. मेसेजवाल्याचा दर हाच. म्हणजे कंपनी ज्या भावाने *विकते*, तो भाव त्याने कंपनी ज्या भावाने *विकत घेते* म्हणून छापला. आणि कंपनी विकत घेतच नाही! आंगणेवाडीच्या जत्रेत पाळण्याचं तिकीट तुम्ही काढता. उरलेलं तिकीट घेऊन पाळणेवाल्याकडे पैसे मागायला गेलात तर तो काय म्हणेल, ते इथे लिहिता येत नाही.

दिवसाचे साडेपाच हजारही त्याच हिशोबातले. त्या गेममध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या ट्रॅकवर 30 मिनिटांची एक शर्यत आहे. पहिला आलात तर साडेपाच लाख, आणि कुणाला न धडकता, ट्रॅक न सोडता संपवलीत तर वर निम्मा बोनस. मिळून 8 लाख 25 हजार. टोकियोच्या हमरस्त्यावरच्या शर्यतीलाही तेवढेच. तिथे दोन्ही बाजूंना भिंत. शेवटच्या फेरीत गाडीचा मागचा कोपरा भिंतीला जरा घासला की पावणेतीन लाखांचा बोनस गेला. जगभरचे खेळाडू याच दोन-तीन शर्यती पुन्हा पुन्हा मारत बसतात, त्याला ते ‘ग्राइंड’ म्हणतात. अर्ध्या तासाला सव्वाआठ लाख, चार तासांत आठ शर्यती, 66 लाख, दर लाखाला 85 रुपये. आला आकडा. यात जेवायला उठणं नाही, भिंतीला घासणं नाही, आणि आमच्याकडे पावसात लाइनीवर झावळ पडली की अर्धा दिवस जाते ती लाइट तर नाहीच नाही. या गेमला बहुतेक सगळ्यासाठी इंटरनेट लागतं, हेही मेसेजवाला विसरला. पण ते सगळं जमलं असं धरा. मग हातात काय? 66 लाख क्रेडिट, आणि त्यांनी घ्यायला पडद्यावरची गाडी. ती गाडी गेममध्ये पुन्हा विकता येते. विकली की मिळतात क्रेडिटच.

हा ग्राइंड कशासाठी असतो, ते 2022 च्या मार्चमध्ये जगाला दिसलं. गेम येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच एका अपडेटने कित्येक शर्यतींची बक्षिसं कमी झाली. त्याच सुमारास सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद पडले. सगळ्यात महागड्या गाड्या 2 कोटी क्रेडिटच्या घरात. बक्षिसं कापली की त्यांच्यासाठी लागणारे तास वाढणार, आणि ज्याला तेवढा वेळ नाही तो दुकानाकडे वळणार. 2 कोटी दुकानातून घ्यायचे तर 20 लाखांची दहा पाकिटं, 200 डॉलर, म्हणजे 17,000 रुपये. एका गाडीला, जी चालवायची सोफ्यावर बसून. खेळाडू इतके खवळले की समीक्षांच्या साइटवर या गेमला त्यांनी तळाचे गुण दिले. गेमचे निर्माते काझुनोरी यामाउची यांना जाहीर खुलासा करावा लागला. दिलगिरी म्हणून खेळाडूंना 10 लाख क्रेडिट दिले, आणि एप्रिलच्या अपडेटमध्ये बक्षिसं पुन्हा वाढवली.

आता मेसेजचा दर खरा धरा. म्हणजे सोनीने चुकीबद्दल त्या सगळ्या खेळाडूंना रोख 850 रुपये वाटले! कुठली कंपनी असं करते? तिला ते 10 लाख द्यायला दमडी लागली नाही, म्हणून दिले. हा आख्खा तंटा खेळाडूच्या खिशातून कंपनीकडे जाणाऱ्या पैशाचा होता. उलट दिशेने एक रुपया कधी आला नाही.

‘फोर्झा’बद्दल तर वाद घालायचीही गरज नाही. तो मायक्रोसॉफ्टचा. मायक्रोसॉफ्टच्या सेवा-करारात, जो आपण सगळे न वाचता ‘मान्य’ करतो, सरळ लिहिलंय की गेममधलं चलन आणि आभासी वस्तू यांच्या बदल्यात खरे पैसे किंवा पैशाच्या मोलाची कुठलीही गोष्ट मायक्रोसॉफ्टकडून *किंवा अन्य कुणाकडूनही* कधीच घेता येणार नाही. त्या चलनावर तुमची मालकीसुद्धा नाही. ते वापरायची परवानगी आहे, तीही काढून घेता येणारी. ‘अन्य कुणाकडूनही’ हे शब्द ग्रुपवरच्या काकांनी सावकाश वाचावेत. मधे कुणी दलाल आहे, तो क्रेडिट घेतो आणि रुपये देतो, असं ज्यांना वाटतं त्यांची वाटही तिथेच बंद होते. चोरून खाती विकणारे असतात, नाही असं नाही. खातं विकलेलं कळलं की ते बंद होतं आणि घेणाराही बसतो बोंबलत.

मालकी नाही म्हणजे काय, ते युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ने दाखवलं. 2014 चा रेसिंग गेम. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम कुणालाच चालवता येईना. वर्षानुवर्षं जमवलेल्या गाड्या, पैसे, सगळं त्या दिवशी शून्य.

‘वाटा देणं बंधनकारक आहे.’ कुठल्या कायद्याने? पुढे.

परदेशातल्या मुलांची गोष्ट मात्र निव्वळ थाप नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. यान मार्डनबरो नावाच्या ब्रिटिश मुलाने 2011 मध्ये निसान आणि सोनीची ‘जीटी अकॅडमी’ स्पर्धा जिंकली. त्यातून तो खरोखरीचा रेसिंग ड्रायव्हर झाला आणि 2013 मध्ये ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरा क्रमांक काढला. रेसिंग गेमच्या मोठ्या स्पर्धा होतात. 2021 च्या ऑलिंपिक व्हर्च्युअल मालिकेत मोटरस्पोर्टसाठी ‘ग्रॅन टुरिस्मो’च घेतला होता. यूट्यूबवर खेळून कमावणारेही आहेत. पण त्या पोराने हजारोंना मागे टाकून *स्पर्धा* जिंकली आणि नंतर खऱ्या गाडीत बसून प्रशिक्षण घेतलं. त्याच्या क्रेडिटचे कुणी पौंड करून दिले नाहीत. त्याचं नाव घेऊन 1,499 रुपये मागणं हा निलाजरेपणा आहे.

सरकारी मान्यतेचं असंच अर्धवट. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्टला खरंच वेगळं स्थान आहे. मेसेजवाल्याने तेवढंच उचललं. त्याच कायद्यात लिहिलंय की फी किंवा पैसे भरून, बदल्यात पैसे मिळतील या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ, मग त्यात कौशल्य असो की नशीब, चालवता येणार नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. म्हणजे मेसेजमधली योजना जशी सांगितलीय तशी खरी असेल तर गुन्हा, आणि खोटी असेल तर फसवणूक. तिसरी शक्यता मला तरी दिसत नाही. आमच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला हे सांगून मेसेज उडवायला सांगितला, तर म्हणतो, "ऱ्हवां दे रे, कोणाचो फायदो झालो तर झालो."

कोणाचा होणार, ते सांगतो. आता अ‍ॅपकडे येऊ.

पहिली गोष्ट, मेसेजमधला स्क्रीनशॉट प्लेस्टेशनवरच्या गेमचा आहे. तो गेम मोबाइलवर मिळतच नाही! जो खेळ तुम्ही खेळूच शकत नाही, त्याचे क्रेडिट तुमच्या वॉलेटमध्ये जमा होणार कुठून? हा साधा प्रश्न एवढ्या ग्रुपमध्ये एकालाही पडला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी गोष्ट, ते अ‍ॅप प्ले स्टोअरवर नाही. मेसेजसोबत एपीके फाइल येते, म्हणजे स्टोअरला वगळून थेट मोबाइलवर टाकायची फाइल. ती उघडली की मोबाइल ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप’ म्हणून अडवतो, आणि मेसेजमध्ये ती अडवणूक कशी बंद करायची हे बाणांसकट समजावलंय. पुतण्याकडून व्हिडिओ कॉलवर सेटिंग उघडून घेतली. गाडीच्या चित्राचं ते अ‍ॅप पडद्यावर दिसत नव्हतं. यादीत खाली भलत्याच नावाने बसलं होतं. त्याने मागितलेल्या परवानग्या: एसएमएस वाचणं, एसएमएस पाठवणं, संपर्क, आणि ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते बघायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा. गाडी चालवायच्या खेळाला तुमचा ओटीपी वाचून काय करायचंय? 1,499 रुपये हे वरवरचं आमिष. ते न भरताही, ओटीपी वाचणारं अ‍ॅप मोबाइलमध्ये बसलं की खातं उघडंच.

आमच्याकडच्या खलाशांच्या मोबाइलमध्ये एकच सिम, तेच बँकेला जोडलेलं, त्यावरच डिझेलवाल्याचे आणि बर्फवाल्याचे पैसे. बऱ्याच घरांत आईचं खातंही त्याच नंबरला. हंगाम संपल्यावर हातात आलेला हिशोब त्याच खात्यात पडलेला असतो, आणि त्यावर ऑगस्टपर्यंत घर चालायचं असतं.

तर ज्यांनी अ‍ॅप टाकलंय त्यांनी आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन त्याची मुभा काढा, नाहीतर ते स्वतःला पुसू न देण्याची शक्यता असते. मग अ‍ॅप काढा. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, आणि यूपीआयचा पिन आपलं सिम त्या मोबाइलमध्ये घालून. ज्यावर ते टाकलं होतं त्याच मोबाइलवरून बदललात तर उपयोग नाही. अ‍ॅप निघतच नसेल तर बँकेला फोन करून यूपीआय थांबवा आणि मोबाइल फॅक्टरी रिसेट करा. फोटो जातील, जाऊ देत. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी लाजत बसू नये, आत्ता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, हाताशी ठेवा, पलीकडचा माणूस पहिल्यांदा तोच विचारतो.