घराण्यातलं वारं

महालक्ष्म्यांना पुतण्या पुण्याहून आला तो मोबाइलात एक पीडीएफ घेऊन. त्याच्या कंपनीनं वार्षिक तपासणीसोबत थुंकीवरून जीन टेस्ट करून दिली होती. आजारांची यादी, प्रत्येकापुढं हिरवा-पिवळा-लाल ठोकळा. 'स्ट्रोक'पुढं पिवळा. जेवणं उरकून आम्ही ओसरीवर बसलो होतो. वहिनींनी विचारलं, "स्ट्रोक म्हंजे काय रे?" मी म्हटलं, अंगावरून वारं जातं ते. त्यांनी एकदा आत वळून बघितलं, पोरी भांडी आवरत होत्या, अन् आवाज उतरवून म्हणाल्या, "कुणाला दाखवू नको बरं का हे. ताईचं जमायचंय अजून."

मला हसू नाही आलं. आमच्या आज्याच्या अंगावरून वारं गेलं, चुलत्याच्याही गेलं, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात त्याच चुलत्याला डावा हात शालीखाली झाकून कोपऱ्यात बसवलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, घरात काही आजार वगैरे? सगळे एका सुरात, "छे, तसं काही नाही."

परभणी जिल्ह्यात माझं मेडिकल आहे, वीस वर्षं झाली. डीएनए म्हटलं की काउंटरवर लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पोलीस केस नाहीतर पोराचा बाप कोण. आता त्यात तिसरी आली, मोबाइलवरची जाहिरात. परवा एक मास्तर विचारत होते, "वाऱ्याचं आधीच कळतं म्हणे, खरं का?" कुंडलीवाल्याला विचारावं त्याच सुरात.

थोडं खरं आहे. कॅडासिल नावाचा एक आजार असतो. १९ व्या गुणसूत्रावरच्या नॉच-३ या जनुकातल्या बिघाडानं तो होतो, हे १९९६ साली सापडलं. आई किंवा बापाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. बीपी नाही, शुगर नाही, तरी चाळिशी-पन्नाशीत वाऱ्याचे झटके यायला लागतात, त्याआधी कित्येकांची अर्धशिशी चालू असते. असं घराणं असेल तर जरूर टेस्ट करा, पण न्यूरोलॉजिस्टनं सांगितल्यावर आणि समुपदेशन घेऊन. पण असे रुग्ण मोजकेच. बाकी बहुतेकांच्या बाबतीत शेकडो जनुकं चिमूट चिमूट धोका वाढवतात, आणि त्या चिमटींचा हिशेब बराचसा युरोपीय वंशाच्या लोकांवरून बांधलेला आहे. आपल्याकडं जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं १०,००० जणांचे जीनोम, म्हणजे शरीरातला अख्खा डीएनए, वाचलेत, पण ही सुरुवात आहे. पुतण्याचा पिवळा ठोकळा कुणाच्या मापानं पिवळा ठरला, ते त्या पीडीएफमध्ये कुठंच नव्हतं.

(धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी काहींच्या शरीरात नीट काम करत नाही, आणि त्यामागं एक जनुक असतं. ती टेस्ट मला जास्त कामाची वाटते, कारण तिच्यावरून डॉक्टर गोळी तरी बदलू शकतो.)

३२ देशांतल्या इंटरस्ट्रोक अभ्यासानं २०१६ साली सांगितलं की स्ट्रोकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के वाटा दहा गोष्टींत आहे आणि त्या दहाही आपल्याला बदलता येतात. पहिला नंबर बीपीचा. आणि माझ्या काउंटरवर बीपीची गोळी कशी विकली जाते? "पट्टीतल्या पाच कापून द्या." मी कात्रीनं पाच कापून देतो. पाच दिवसांनी माणूस येतच नाही. रस्त्यात भेटला की म्हणतो, आता बरं वाटायलंय, अन् एकदा लागली की सुटत नाही ना ती. चुलत्याचंही असंच झालं. त्यांचं तोंड वाकडं झालं त्या सकाळी आधी अंगाला तेल चोळलं, मग कुणीतरी कबुतराचं रक्त लावायला सांगितलं, ते शोधण्यात दुपार झाली. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वारं गेल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. आम्ही शहरातल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

म्हणून टेस्टवर माझा राग नाही, आमच्या तोंडाला लावलेल्या कुलपावर आहे. आज्याला कितव्या वर्षी, चुलत्याला कितव्या, तेव्हा बीपी होतं का, तंबाखू होती का, हे फुकटात कळणारं सगळं आम्ही झाकतो. आरोग्य विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळणं हा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली म्हटलं. सोयरिकीच्या बैठकीला कुठलं कोर्ट? वहिनींची भीती मला कळते. पण ताईच्या होणाऱ्या सासरच्यांनी पीडीएफ बघून काय करायचं, अन् ताईनं स्वतः काय करायचं, यातला दुसरा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही.

त्या रात्री मी दुकानातलं मशीन आणलं. दादाचं बीपी १६८/१०४. "जागरण झालंय ना," म्हणाला. दहा मिनिटांनी परत घेतलं, १६४/१००. पुतण्यानं मोबाइल खिशात घातला.

पुढच्या आठवड्यात वहिनी चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या. "भावजी, पाचच द्या. आधी बघू लागू पडतात का."

मी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली आणि महिन्याच्या काढून दिल्या.