दोन मिलिग्रॅमची पुरचुंडी

झाडानं पाणी किती काटकसरीनं वापरलं, हे त्याच्या पानातल्या कार्बनवरून कळतं. मात्र त्यासाठी पानाची दोन मिलिग्रॅम भुकटी कथलाच्या डबीत भरावी लागते. मुंबईत, जुलैत आणि पंखा बंद ठेवून.

हवेतल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का असतो जरा जड, कार्बन-१३. पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे एन्झाइम म्हणजे मासळीबाजारातली चोखंदळ मावशी. टोपली भरलेली असेल तर ती कल्ले उघडून बघणार आणि जड माल बाजूला सारणार. पण पाणी वाचवायला पानानं रंध्रं, म्हणजे श्वासाची बारीक छिद्रं, मिटली की आतला कार्बन डायऑक्साइड आटतो. जून-जुलैत बोटी किनाऱ्याला लागल्यावर मावशीचं होतं तेच मग रुबिस्कोचं होतं: मिळेल ते पिशवीत. म्हणून पानात कार्बन-१३ जास्त, तर झाड पाण्याला चिंगूस. (प्रकाशसंश्लेषण जोरात चाललं तरी टोपली रिकामी होते, हे पुष्कळजण विसरतात.) फार्कर, ओ'लिअरी आणि बेरी या शास्त्रज्ञांनी १९८२ साली हे एका ओळीच्या समीकरणात बसवलं. त्यात कपाळावरचा घाम धरलेला नाही.

पानं उन्हातली आणि एकाच वयाची घ्यावीत. हायवेकडेची नकोत: पेट्रोल-डिझेलच्या धुरातला कार्बन मुळातच हलका, त्यामुळे बिचारं झाड उगाच उधळं ठरतं. ज्वारी-उसाच्या वाटेला जाऊच नये, त्यांची कार्बन घेण्याची रीत वेगळी असल्यानं फरक फार पुसट येतो. तोडलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर ओव्हनपर्यंत बुरशीच पोचते. कागदी पाकीट, ६० ते ६५ अंश, ४८ तास. मग मैद्यासारखं दळायचं. रवा राहिला की एकाच पानाचे दोन नमुने दोन उत्तरं देतात.

आता तराजू. २.०१, २.०२, २.०४... आकडा रिक्षाच्या मीटरसारखा चढतो, कारण सुकी भुकटी मुंबईची हवा पिते. इथे नवखे रडकुंडीला येतात. उगाच. पाण्यात कार्बन नसतो, त्यामुळे जड-हलक्या कार्बनचं गुणोत्तर तसंच राहतं, फक्त कार्बनची टक्केवारी खोटी पडते.

खरा घात डबी मिटून तिची पुरचुंडी वळताना. बोट लावलं तर त्वचेवरचं तेल, म्हणजे आपलाच कार्बन, आत जातो. म्हणून दोन चिमटे. वळलेली पुरचुंडी काळ्या फरशीवर टाकून बघायची, भुकटी सांडली तर नवी डबी. मोदकाला नाक शोभतं, पुरचुंडीला नाही. कोपरा वर राहिला की ती कार्बन मोजणाऱ्या यंत्राच्या, नमुने एकेक करून टाकणाऱ्या चकतीत अडकते, मग पुढचीसोबत एकदम हजार अंशांच्या भट्टीत पडते आणि पुढचे सगळे नमुने एकमेकांच्या नावावर जातात.

एवढ्यात दारातून कोणी "पंखा लावू का?" विचारलं, तर नुसती मान हलवायची. "नको" म्हणताना सुटलेल्या श्वासानंही भुकटी उडते.