दोन्ही फलक माझ्याच यंत्रावर छापले गेले

गेल्या वर्षी माझ्या छपाईच्या दुकानात अडीच महिन्यांच्या अंतराने दोन फलक तयार झाले. पहिला वाढदिवसाचा होता. मधोमध एकवीस वर्षांच्या एका मुलाचे छायाचित्र, डोळ्यांवर काळा चष्मा, नावापुढे 'भाई' आणि तळाशी शुभेच्छुक म्हणून चाळीसएक लहान लहान चेहरे. दुसरा फलक 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा होता. ज्याच्यासाठी तो करायचा होता, त्या मुलाचा चेहरा पहिल्या फलकावर शुभेच्छुकांच्या दुसऱ्या ओळीत होता, त्यामुळे घरच्यांकडून छायाचित्र मागवावे लागले नाही. जुन्या फाइलमधूनच ते काढून मोठे केले. ज्याचा वाढदिवस होता, तो आज या श्रद्धांजलीच्या फलकावरच्या मुलाच्याच खुनाच्या आरोपाखाली कारागृहात आहे.

बातमीत 'किरकोळ वादातून खून' असे छापून आले. गाडी आडवी घातल्याचा राग, कुणाच्या तरी स्टेटसवरून झालेली शिवीगाळ आणि मग चौकातली खुन्नस, असा तो वाद होता. हा 'किरकोळ' शब्द मला फार दिवस छळतो आहे. वाद किरकोळ असेल. पण त्या वादासाठी माणूस मारण्यापर्यंत जाता येते, आणि गेल्यास आपला दबदबा वाढतो, हे त्या मुलाच्या मनात रुजायला काही वर्षे लागली असणार. त्या वर्षांत तो कोल्हापुरातच, आमच्याच पेठेत, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होता.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण असे लिहिले की 'म्हणजे मारणाऱ्याचा दोष नाही का?' हा प्रश्न हमखास येतो. हत्यार ज्याने चालवले, तो दोषी आहे आणि न्यायालयाने दिली तर त्याला पूर्ण शिक्षा व्हावी. त्याच्याबरोबर जमावाने गेलेल्यांनाही कायदा सोडत नाही. पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदा जमावाने समान उद्देशाने गुन्हा केला, तर प्रत्यक्ष वार न केलेलाही त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० मध्ये आहे. मी ज्या जबाबदारीविषयी बोलतो आहे, ती या दोषातून कापून वाटून घ्यायची नाही. ती निराळी आहे, आणि जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही तिथून ती सुरू होते.

माझ्यापासूनच सांगतो. त्या मुलावर मारामारीचे दोन गुन्हे आधीच दाखल होते आणि हे मला फलक छापताना ठाऊक होते. मी पैसे मोजून घेतले आणि छापला. फलकावर परवानगीचा क्रमांक नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली, आणि आम्हा छपाईवाल्यांपैकी कुणालाही ते ठाऊक नाहीत असे नाही. तरीही 'मी नाही छापला तर शेजारचा छापेल' हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे की ते मला उत्तरासारखे वाटू लागले होते. चौकात दहा दिवस टांगलेल्या त्या फलकाने शाळेत जाणाऱ्या पोरांना काय शिकवले असेल, याचा विचार माझ्या मनात श्रद्धांजलीचा फलक यंत्रातून बाहेर सरकू लागला तेव्हा पहिल्यांदा आला.

त्या शुभेच्छुकांत एक माजी नगरसेवक होते, दोन व्यापारी होते, मंडळाचे पदाधिकारी होते. यांतल्या एकानेही कधी कुणाला मारलेले नाही. निवडणुकीत पोरे लागतात, वसुलीला पोरे लागतात, जागेचा ताबा घ्यायला पोरे लागतात. त्या पोरांना मानधन म्हणून जेवण, गाडीत पेट्रोल आणि फलकावर जागा मिळते. जामिनावर सुटून आलेल्याची मिरवणूक निघते, तलवारीने केक कापला जातो आणि त्याचे चित्रीकरण रात्रीतच हजारो मोबाइलवर पोहोचते. परवान्याशिवाय अशी तलवार बाळगणे हाच शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, हे पाहणाऱ्यांतल्या कितीजणांना सुचते? आपण अंगठा दाखवून पुढे जातो.

तालमींविषयी बोलताना मी जपून बोलतो, कारण मी स्वतः लहानपणी तालमीत जोर मारले आहेत. शाहू महाराजांनी खासबागचे मैदान बांधले, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिले, आणि त्या तालमींत वस्ताद नावाचा माणूस असे, ज्याच्यापुढे अंगात रग असलेला पोरगाही मान खाली घालत असे. पूर्वीही तालमीतालमींत ईर्षा होती, डोकी फुटत होती. तो काळ सोवळा होता असे मी म्हणणार नाही. परंतु रात्री उशिरा चौकात बसलेल्या मुलाला नावाने हाक मारून घरी पिटाळण्याचा अधिकार कुणाला तरी होता. आज कुस्तीचा हौदा ओस पडलेल्या अनेक ठिकाणी तो अधिकार ज्याच्याकडे पैसा आणि गाड्या आहेत त्याच्याकडे गेला आहे, आणि आम्ही वडीलधारे 'आपल्याला काय करायचंय' म्हणून बाजूने निघून जातो.

मात्र सामूहिक जबाबदारी म्हणजे एखाद्या वस्तीला किंवा समाजाला धरून झोडपणे नव्हे, आणि हे या शहराला तरी वेगळे सांगावे लागू नये. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. आमच्या राजाने, शाहू महाराजांनी, मात्र १९१८ मध्येच महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची रोज हजेरी देण्याची सक्ती काढून टाकली, आणि ज्यांना लोक चोर म्हणून हाकलत होते त्या फासेपारध्यांना कामे देऊन पहाऱ्यावर नेमले. कुणी चोरी का करतो, या प्रश्नाचे उत्तर देणे हे राज्याचे काम आहे, असे त्यांनी कृतीने सांगितले. आज खून झाला की सीपीआर रुग्णालयाच्या आवारात उभे राहून 'तिकडचीच पोरं असणार' म्हणणारे आपण त्या राजाच्या जयंतीला हार घालतो, याची मला मनापासून लाज वाटते.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येणाऱ्या ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमा पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला पानसरे गेले. त्या वेळी हे शहर रस्त्यावर उतरले. हा आपल्यावरचा हल्ला आहे, असे सामान्य माणसाला वाटले. पेठेतल्या बावीस वर्षांच्या पोराच्या खुनानंतर तसे वाटत नाही. त्याचे नाव दोन दिवसांत विसरले जाते, कारण 'तोही तसलाच होता' असे म्हणून आपण स्वतःची सुटका करून घेतो.

आता ज्याविषयी लिहायला मला सर्वांत जड जाते, ते. त्या खुनाच्या संध्याकाळी पळणारा मुलगा आणि मागचे चौघे-पाचजण माझ्या दुकानासमोरून गेले. मी ते पाहिले, शटर अर्ध्यावर ओढले आणि आत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पोलीस कॅमेऱ्याचे चित्रण मागायला आले, तेव्हा कॅमेरा बंद आहे असे मी सांगितले. तो चालू होता. पंधरा दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते, तसे ते पुसले गेले. खुनासारख्या गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे हे नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३९ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३३ आहे. मला कलम ठाऊक नव्हते, पण कर्तव्य ठाऊक होते.

भीती खोटी नव्हती. आरोपीचे मित्र रोज दुकानावरून जातात, माझी मुलगी त्याच रस्त्याने शिकवणीला जाते. राज्यात साक्षीदार संरक्षणाचा २०१७ चा कायदा आहे, पण पेठेतल्या दुकानदाराला तो कुणी येऊन समजावून सांगत नाही, आणि हा शासनाच्या वाट्याचा भाग आहे. साक्षीदार न्यायालयात फितूर होतात तेव्हा आपण त्यांना नावे ठेवतो. ते खरे बोलले तर त्यांच्या मागे किती जण उभे राहणार आहेत, हे मात्र पेठेतले कुणी सांगत नाही. मागच्या वर्षभरात मीही कुणाच्या मागे उभा राहिलेलो नाही.

गेल्या महिन्यात त्या मुलाचे वडील वर्षश्राद्धाचा फलक करायला दुकानात आले. मजकूर लिहून घेताना माझा हात थांबला आणि मी त्यांना कॅमेऱ्याचे खरे सांगून टाकले. ते ओरडले नाहीत. बराच वेळ बाकावर बसून राहिले, मग विचारले, 'तुम्ही पाहिलं होतं ना?' मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्यांकडे जाऊन, आधी खोटे का सांगितले तेही न लपवता, मी जबाब लिहून दिला. उशिरा दिलेल्या या जबाबाला न्यायालय किती किंमत देईल, हे वकिलांनी मला रोखठोक सांगितले आहे. समन्स आले की मी जाणार आहे. घरी तसे बोललो आहे, आणि पहिल्या तारखेला शेजारचा छपाईवाला माझ्याबरोबर येणार आहे.