तारेवरची चिमणी आणि पंपरूममधला टॅबलेट

‘लॅपटॉपवर पैसे घालवू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या डिप्लोमाच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. ऐरोलीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, आईला तूच सांग ना, एवढ्यात भागतंय.” मेसेजचा सारांश असा: सेकंडहँड विंडोज टॅबलेट सात-आठ हजारांत मिळतो. विंडोज म्हणजे विंडोज, लॅपटॉपवर चालणारं सगळं त्यावर चालतं. जागा कमी पडली तर मेमरी कार्ड टाका. ओटीजी केबल (टॅबलेटला यूएसबीची उपकरणं जोडणारी) लावली की कुठलाही सर्किट बोर्ड प्रोग्राम होतो, वेगळा सप्लाय लागत नाही, ड्रायव्हर विंडोज आपले आपण शोधतं. आणि टॅबलेट बॅटरीवर चालतो, म्हणून शॉकची भीतीच नाही. साइटवर बोर्ड चालू ठेवूनच केबल लावा, लाइव्ह डिबगिंग करा, म्हणजे चालू सर्किटमधल्याच चुका शोधा. तारेवर बसलेल्या चिमणीला कधी शॉक लागतो का?

बाकीच्या मुद्द्यांनी फार तर पैसे जातील. या शेवटच्या मुद्द्याने माणूस जाईल. म्हणून क्रम मोडून मी चिमणीपासूनच सुरू करते. त्यात भाच्याच्या ग्रुपचा प्रोजेक्ट आहे पाण्याच्या टाकीचा लेव्हल कंट्रोलर, म्हणजे पातळी बघून पंप चालू-बंद करणारा बोर्ड, आणि तो बसवायचा आहे घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या पंपरूममध्ये. ऐन पावसाळ्यात.

बाजारात मिळणारे स्वस्त टायमर, लेव्हल कंट्रोलर, एलईडी ड्रायव्हर यांच्यातल्या बऱ्याच बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. फेजच्या वाटेत एक कपॅसिटर टाकतात, पुढे डायोड आणि झेनर (व्होल्टेज बांधून ठेवणारा डायोड), आणि त्यातून पाच व्होल्ट काढून मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डावरच्या प्रोग्राम होणाऱ्या चिपला, देतात. स्वस्त पडतं, जागा वाचते, डब्यात बंद असेपर्यंत कुणाचं काही बिघडतही नाही. पण या बोर्डाचा ‘ग्राउंड’, म्हणजे सर्किटने शून्य व्होल्ट मानलेली बाजू, ही थेट लाइनची एक तार असते. ती न्यूट्रल असावी अशी अपेक्षा. दोन पिनांचा प्लग उलटा बसला किंवा जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, की तोच ग्राउंड २३० व्होल्टवर जाऊन बसतो. बोर्डात ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) असेल तर उलट-सुलट करायचीही गरज नाही, दर सायकलच्या अर्ध्या भागात ग्राउंड फेजकडे असतोच. मल्टिमीटर मात्र मायक्रोकंट्रोलरच्या दोन पायांवर निमूट पाच व्होल्ट दाखवतो, आणि पोरांना वाटतं पाचच व्होल्ट आहेत.

आता त्या बोर्डाला यूएसबी केबल लावा. बोर्डाचा ग्राउंड आणि टॅबलेटचा ग्राउंड एक झाला. केबलच्या टोकाचं धातूचं कवच, टॅबलेटच्या पोर्टची कड, बहुतेक वेळा इअरफोनचा जॅक, आणि पाठ धातूची असेल तर अख्खी पाठ, हे सगळं फेजवर आलं. टॅबलेटला काही होणार नाही, हे खरं. चालूही राहील, स्क्रीनवर आकडेही धावतील. चिमणीलाही काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि जमिनीशी तिचा संबंध नसतो. पण या गोष्टीत चिमणी आहे टॅबलेट. तो हातात धरून ओल्या लादीवर उभा आहे माझा भाचा. त्याचा एक हात फेजवर आणि पाय जमिनीवर, म्हणजे वाट पूर्ण झाली. बॅटरी टॅबलेटला वाचवते, धरणाऱ्याला नाही.

“पण वाटेत कपॅसिटर आहे ना, तो करंट अडवेल,” हे भाच्याचं म्हणणं. दोन उत्तरं. ग्राउंड थेट फेजला असेल तर कपॅसिटर त्या वाटेत येतच नाही. आणि आला तरी ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला साधारण ६८०० ओहम दाखवतो. २३० भागिले ६८००, म्हणजे ३४ मिलिॲम्पिअर. माणसांना वाचवण्यासाठी जो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, बसवतात तो ३० मिलिॲम्पिअरचा असतो, त्याहून हा करंट जास्तच. हा हिशोब दुसऱ्या सेमिस्टरचा आहे, मेसेज पुढे ढकलण्याआधी कुणीतरी करायला हरकत नव्हती. शिवाय पंपरूमच्या पॅनलमध्ये आरसीसीबी असेलच असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी नुसते एमसीबी (जास्त लोड आला की पडणारे स्विच) असतात, आणि सोळा अँपिअरच्या एमसीबीला अंगातून जाणारे मिलिॲम्पिअर कळतही नाहीत.

माझ्या शब्दावर ठेवू नका. मायक्रोचिप या चिप बनवणाऱ्या कंपनीची एएन९५४ नावाची ॲप्लिकेशन नोट (तांत्रिक मार्गदर्शिका) आहे, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सप्लायवरचीच. पिक नावाचे मायक्रोकंट्रोलर विकणारी ही कंपनी स्वतः असे सप्लाय कसे बनवायचे ते त्यात शिकवते, म्हणजे तिला घाबरवण्यात काही रस नाही. तरीही त्यात ठळक इशारा आहे: या सर्किटांवर काम करताना शॉकचा धोका आहे, कारण लाइनपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर इथे नाही; प्रोब (मोजमापाची सुई) लावून तपासायचं असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सर्किटला लाइनपासून तोडणारा ट्रान्सफॉर्मर, वापरा. यूएसबी केबल हा ग्राउंडला लावलेला प्रोबच आहे. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला चिमणी. निवडा.

मेसेजमध्ये पुढे एक पुरवणी आहे, ती वाचून मी फोन खाली ठेवला होता. म्हणे, ‘जास्त सुरक्षिततेसाठी टॅबलेट चार्जिंगला लावून ठेवा, अर्थिंग मिळतं.’ अहो, त्या चार्जरला दोन पिना आहेत. अर्थिंग येणार कुठून? आणि हाच सल्ला उद्या कुणी तीन पिनांच्या ॲडॉप्टरवाल्या लॅपटॉपवर वापरला, तर बहुतेक लॅपटॉपचा ग्राउंड अर्थला जोडलेला असतो, त्याला फेजवरचा ग्राउंड भिडला की सरळ शॉर्ट. आवाज, धूर, यूएसबी पोर्ट गेला आणि नशीब बरं नसेल तर मदरबोर्डही.

कुणी म्हणेल, बॅटरीवर चालणारे हातात धरायचे ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लाइनवर वापरतातच की. वापरतात. त्यांची बॉडी, सॉकेट, प्रोब सगळं त्यासाठी इन्सुलेट करून बनवलेलं असतं, त्यावर कॅट थ्री, ६०० व्होल्ट असं लाइनवर वापरायच्या सुरक्षिततेचं रेटिंग छापलेलं असतं. तुमच्या टॅबलेटच्या पाठीवर काय छापलंय ते बघा.

करायचं ते सोपं आहे. प्रोग्राम चढवताना बोर्डाचा प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, आणि कपॅसिटर डिस्चार्ज झालाय ना ते बघायचं. पाच व्होल्ट प्रोग्रामरकडून, म्हणजे प्रोग्राम चढवणाऱ्या उपकरणाकडून, द्यायचे. चालू असताना काय होतंय ते बघायचंच असेल तर यूएसबी आयसोलेटर घ्यायचा, तो डेटा जाऊ देतो पण दोन्ही बाजूंचे ग्राउंड वेगळे ठेवतो. एडीयूएम३१६० चिपवाले छोटे मॉड्यूल मिळतात, चिपचं आयसोलेशन २५०० व्होल्टचं आहे. वेग मात्र सेकंदाला १२ मेगाबिटच्या पुढे जात नाही. सीरियल मॉनिटरला, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे दाखवणाऱ्या खिडकीला, तो रग्गड होतो. त्याहून सोपं, ईएसपी (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) असेल तर वायफायवरून लॉग, म्हणजे नोंदी, घ्या, नॅनो (अर्डुइनोचा छोटा बोर्ड) असेल तर बोर्डाच्याच सप्लायवर ब्लूटूथ मॉड्यूल लावा. तारच नाही तर भांडण नाही. पण मॉड्यूल डब्याच्या आत ठेवा, कारण तेही फेजवरच बसलेलं असणार.

आता बाकीचे दावे, भराभर.

‘विंडोज म्हणजे विंडोज’ हे अर्धसत्यही नाही. सात-आठ हजारांत जे जुने टॅबलेट येतात त्यांत बऱ्याचदा ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज असतं. प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिटचं, म्हणून वर विंडोजही ३२ बिटचं. अर्डुइनोचा नवा आयडीई (कोड लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर), म्हणजे आवृत्ती २ आणि पुढची, ६४ बिट विंडोज मागतो. तो इथे बसणारच नाही. जुना १.८.१९ बसतो आणि नॅनो-उनोचं काम नीट करतो, हे कबूल. पण ईएसपी३२चं पॅकेज टाकून पहिल्यांदा कंपाइल (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर) करायला लावलंत तर चहा पिऊन या, आणि आल्यावर दुसरा प्या. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तेव्हा ते नाव काढू नका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. साइटवरच्या कामाला ठीक, पण त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

त्यातही कुणी २०१२चा सरफेस आरटी गळ्यात मारत असेल तर पळा. दिसायला देखणा, कीबोर्ड छान, पण आत एआरएम (मोबाइलसारखा) प्रोसेसर आणि विंडोज आरटी. बाहेरून आणलेले डेस्कटॉप प्रोग्राम त्यावर चालतच नाहीत, त्यामुळे अर्डुइनो विसरा. नावात मात्र विंडोज आहे! ‘एस मोड’वाला (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चालवणारा) मिळाला तर घाबरायचं कारण नाही, तो फुकटात बंद करता येतो.

मेमरी कार्डात फोटो ठेवा. विंडोजच्या अपडेटला लागणारी जागा मुख्यतः सी ड्राइव्हवर लागते, आणि ३२ जीबीत ती कायम अपुरी.

सप्लायचं म्हणाल तर साधा नॅनो टॅबलेटच्या पोर्टवर मजेत चालतो, हे मेसेजचं बरोबर आहे. ईएसपी३२ला मात्र ती बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी स्वतः किमान ५०० मिलिॲम्पिअरचा सप्लाय सुचवते. वायफाय सुरू होताना करंट उसळी मारतो, पोर्टचा व्होल्टेज बसतो, बोर्ड पुन्हापुन्हा रीसेट होतो आणि मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं, असं दिसतं. पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात. स्वतःचा सप्लाय असलेला हब लावा. एकच मायक्रो यूएसबी पोर्ट असेल तर चार्जिंग आणि प्रोग्रामिंग बहुधा एकाच वेळी होत नाही, हे पंपरूममध्ये बॅटरी पाच टक्क्यांवर आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

ड्रायव्हर सहसा सापडतो, पण नेट असेल तर. तळघरातल्या पंपरूममध्ये रेंज नसते. स्वस्त बोर्डांवर असलेल्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर आधीच टाकून ठेवा. आणि आपोआप आलेला ड्रायव्हर नेहमी उपकारच करतो असंही नाही: २०१४मध्ये एफटीडीआय या यूएसबी चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून गेला, केबली निकामी झाल्या.

बरं, टॅबलेट मुळात वाईट आहे का? नाही. रबाळ्याला आमच्याकडे पॅनलच्या कामात असाच एक जुना टॅबलेट आहे. ड्राइव्हशी (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राशी) आरएस-४८५ या तारेवरच्या जोडणीने बोलायला, सीरियल लॉग घ्यायला, ऑफिसात तयार केलेली हेक्स फाइल (चिपवर टाकायचा तयार प्रोग्राम) साइटवर चढवायला तो पुरतो. शिडीवर एका हातात धरता येतो, लॅपटॉप नाही धरता येत. कोड लिहायला त्याला कुणी हात लावत नाही. पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन भलतंच काही दाबतो, म्हणून सोबत माउस.

तर ताईला मी सांगितलंय ते हे: पोराला कोड लिहायचाय, तेव्हा जुना पण ६४ बिटचा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप बघ. टॅबलेट हवाच असेल तर दुकानात पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम टाइप ६४ बिट आहे का ते बघायचं, रॅम ४ जीबीच्या खाली नको, आणि खिशात नॅनो आणि ओटीजी केबल नेऊन तिथेच एलईडी लुकलुकवून बघायचा. दुकानदार लावू देत नसेल तर पुढचं दुकान. आयसोलेटरचे पैसे मी देते. आणि शनिवारी पंपरूममध्ये तो एकटा जाणार नाही, मीही येतेय.