ट्रेलरवर ग्रिल मंद का पेटलं: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडून भाड्याने नेलेला कॅम्पिंग ट्रेलर आणि गॅसची होज (नळी) वापरून यलोस्टोनच्या कॅम्पग्राउंडवर ग्रिल लावलं, पण तासभर ठेवूनही चिकन आतून कच्चंच राहिलं, होज खराब होती, असं तुम्ही लिहिलंत. मुलांच्या जेवणाचे हाल झाले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. होज परत आल्यावर तपासली. ती कुठे गळत नाही, तुंबलेलीही नाही. आमची चूक वेगळीच आहे: होज देताना ग्रिल कोणतं आहे, हे आम्ही विचारलंच नाही.

ट्रेलरच्या बाजूला होज झटकन जोडायचं जे तोंड, म्हणजे क्विक कनेक्ट, आहे, तिथे गॅस ट्रेलरच्या रेग्युलेटरमधून आधीच दाब उतरवून येतो: ११ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या उंचीवरून मोजलेला दाब), म्हणजे जेमतेम ०.४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). तुमचं ग्रिल प्रोपेन गॅसच्या १ पौंडाच्या बाटलीवर चालणारं, त्याला स्वतःचा रेग्युलेटर आहे आणि त्याला बाटलीचा पूर्ण दाब लागतो. एकामागे एक दोन रेग्युलेटर लागले की ज्योत नखाएवढी राहते, नॉब कितीही फिरवा. तुमच्या फोटोत नेमकं हेच दिसतंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या वेळी ग्रिलचा रेग्युलेटर काढून थेट ट्रेलरच्या प्रोपेन टाकीला जोडू, असं तुम्ही म्हटलंय. कृपया असं अजिबात करू नका. २१ अंश सेल्सियसला टाकीत साधारण ११० पीएसआय दाब असतो, क्विक कनेक्टच्या अडीचशे पटींहून जास्त. बर्नरमधून भडका उडेल. रेग्युलेटर काढायचा तो फक्त क्विक कनेक्टवर चालवताना, आणि तेही ग्रिल बनवणाऱ्या कंपनीचं त्या मॉडेलसाठी लो-प्रेशर (कमी दाबावर चालवायचं) किट मिळत असेल तरच.

तुमच्या ग्रिलला सोपा मार्ग म्हणजे टी, म्हणजे T आकाराचा तीन तोंडांचा जोड. टाकीचा कॉक आणि ट्रेलरच्या रेग्युलेटरकडे जाणारी नळी यांच्यामध्ये पितळी टी बसवायचा. त्याच्या १ इंच-२० आट्यांच्या (१ इंच व्यास, इंचाला २० आटे) तोंडाला हाय-प्रेशर होज, आणि होजच्या दुसऱ्या टोकाला ग्रिल, त्याच्या रेग्युलेटरसकट. टाकीवरचा प्लास्टिकचा मोठा नट हातानेच आवळा, पाना लावू नका. ग्रिलचे नॉब बंद ठेवून कॉक हळूहळू उघडा. झटक्यात उघडलात तर जादा प्रवाह रोखणारी आतली झडप बसते आणि ज्योत पुन्हा मंद होते. तसं झालंच तर कॉक बंद करा, टाकीवरचा नट सोडवून मिनिटभर थांबा, परत जोडा. मग प्रत्येक सांध्यावर भांड्यांच्या साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका. ग्रिल ट्रेलरपासून लांब, मोकळ्यावर ठेवा, ऑनिंगखाली (ट्रेलरच्या कापडी छताखाली) नको. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो.

होजचं भाडं आज परत केलंय. पुढच्या सहलीला टी आणि १२ फुटी होज आमच्याकडून विनामूल्य. ट्रेलर ताब्यात देताना आम्ही ती स्वतः बसवून, साबणपाण्याने तपासून, तुमचंच ग्रिल पेटवून दाखवू. ग्रिल मात्र सोबत आणा.