तीन बळींच्या शस्त्रक्रियेबद्दल खुलासा

लंडनचे सर्जन रॉबर्ट लिस्टन यांनी वेगाने पाय कापण्याच्या नादात एकाच शस्त्रक्रियेत तिघांचे बळी घेतले, अशी पोस्ट फिरते आहे. रुग्ण आणि बोटे छाटली गेलेला मदतनीस जखमा सडून गेले, तर कोटाला सुरी लागलेला प्रेक्षक धसक्याने. ‘मृत्युदर ३०० टक्के’ म्हटल्यावर पोस्ट पळणारच! पण या प्रसंगाची त्या काळातली नोंद सापडलेली नाही. किस्सा गाजला तो रिचर्ड गॉर्डन या विनोदी लेखकाच्या १९८३ सालच्या पुस्तकामुळे. लिस्टन वारले १८४७ मध्ये.

त्यांचा वेग मात्र खरा. भूल नव्हती, रुग्ण पूर्ण शुद्धीवर, चार माणसे त्याला दाबून धरणार. अशा वेळी हात झटपट चालणे हीच काय ती दया. पुढे २१ डिसेंबर १८४६ रोजी इथरची भूल देऊन पाय कापला, तोही लिस्टन यांनीच.

खरी धास्ती नंतरची, जखम चिघळण्याची. रक्ताने कडक झालेला कोट मिरवणारे सर्जन हत्यारे जेमतेम पुसून पुढच्या रुग्णाकडे वळत. जोसेफ लिस्टर या सर्जननी ग्लासगोत जखमांवर कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक वापरले ते १८६५ मध्ये, आणि तेही अनेकांना लगेच पटले नाही.