द्राक्षं आणि "डोळे नसलेली पिल्लं" या फॉरवर्डबद्दल
गावच्या ग्रुपवर फिरतंय की कार्बेन्डाझिम, म्हणजे आपण बाविस्टिन म्हणतो ते द्राक्षावर फवारायचं बुरशीनाशक, उंदरांना दिल्यावर डोळे नसलेली पिल्लं झाली म्हणून गरोदर बाईने द्राक्षाला हातच लावू नये. अर्धं खरं आहे हे. डोळ्यांचे दोष दिसलेत, बेनोमिल या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या प्रयोगांत, आणि बेनोमिल शरीरात गेलं की त्याचं कार्बेन्डाझिमच होतं. पण ते गाभण उंदरिणीच्या पोटात नळीने एकदम डोस सोडून, किलो वजनाला ६२.५ मिलिग्रॅम आणि वर, तेच औषध खाद्यातून दिलं तर त्याहून कितीतरी जास्त डोसलाही डोळे शाबूत, फक्त पिल्लांचं वजन कमी भरलं. कार्बेन्डाझिमच्या किलोमागे १० मिलिग्रॅमला गर्भात दोष नव्हता, त्याचा शंभरावा भाग धरून गरोदर होऊ शकणाऱ्या बायकांसाठी एका दिवसाची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवलीय, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५ मिलिग्रॅम.

आणि खाली कोणीतरी लिहिलंय "ते फक्त बुरशीलाच मारतं", तेही चूक हो! पेशी फुटून दोन होताना लागणारे धागेच ते बनू देत नाही, नर उंदरांत शुक्राणूही घटतात. काळजी करायची तर उघड्या हाताने पावडर कालवणाऱ्या बाईची करा, दिवस गेले असतील तर तिला त्या कामावर अजिबात पाठवू नका.